बदलते ऋतुमान आणि आपला गृहोद्योग
(मंडळाच्या वर्धापनदिनी भरलेल्या भगिनी-मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी आपण वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी बोलावतो. या खेपेस "आपल्यातलीच एखादी बोलू दे" असे कार्यकारिणीने ठरविले आणि माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा शास्त्र सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु आपल्या पापड-वाळवणाच्या मालाची वही मी सांभाळते, आणि आभाळाने काय काय केले ते त्या वहीत दिसते. त्या आधारावर मी आज बोलणार आहे.

विषय दिला आहे तो बदलत्या हवामानाचा. हवामान बदलते आहे हे आता कोणाला पटवून देण्याची गरज उरलेली नाही. २०२४ हे साल, मोजमाप ठेवू लागल्यापासून, साऱ्या जगात सर्वांत उष्ण ठरले. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण माणसांनी हवेत जो धूर आणि वायू सोडला, त्याने पृथ्वीभोवती जणू गोधडी पांघरली गेली आहे आणि आतली ऊब बाहेर जाईनाशी झाली आहे. हवा तापली की ती जास्त बाफ धरून ठेवते. एका अंशाने तापली तर सुमारे सात टक्के जास्त, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे आभाळाची घागरच मोठी झाली. ती भरायला वेळ लागतो म्हणून मध्ये कोरडे दिवस लांबतात, आणि उपडी झाली की चार दिवसांचा पाऊस एका रात्रीत पडतो. २०२३ चा ऑगस्ट आठवा. देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता.

शास्त्र इतकेच पुरे. आता आपल्या वाळवणाकडे येते.

आपल्या आज्या-सासवांनी वाळवणाचे एक पंचांग बसवून दिले होते. होळी झाली की गहू भिजत घालायचे, चीक काढायचा, कुरडया घालायच्या. मग सांडगे, सालपापड्या, शाबूच्या चकल्या, बटाट्याचा कीस. मिरची वाळवून कांदा-लसणाची चटणी करायची. शेवटी उडदाचे पापड. मृगाच्या आत सगळे डबे भरून फळीवर. मध्ये वळीव येई, नाही असे नाही. परंतु वळवाची रीत ठरलेली होती. दुपारभर उकडायचे, चारच्या सुमारास धुळीचे लोट उठायचे, गडगडायचे, तासभर पडून मोकळे व्हायचे. तेवढ्यात पोरे, सुना, शेजारणी धावून चादरी उचलीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन.

आता तसे राहिलेले नाही. २०२५ च्या मे महिन्याची आठवण ताजी आहे. पाऊस २४ मे रोजी केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचलासुद्धा. एरवी मुंबईला तो ११ जूनच्या सुमारास येतो. त्याच्या आधीही आपल्याकडे मे महिन्याचे दिवसच्या दिवस ढगाळ आणि ओले गेले. आपल्या वहीत त्या महिन्याच्या कितीतरी तारखांपुढे "काम नाही" इतकेच लिहिलेले आहे. कुरडईचा चीक काही वाट पाहत नाही. शिजवून घातली आणि ऊन मिळाले नाही तर ती आंबते, लालसर पडते, तळल्यावर फुलत नाही. तसला माल आपण विकला नाही, हे आपल्या मंडळाला भूषणावह आहे. पण त्याचा तोटा कोणी सोसला, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याच प्रश्नासाठी मी आज उभी आहे.

माल खराब झाला तर तो मंडळाच्या खात्यावर पडतो. पण ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशीची मजुरी कोणाच्या खात्यावर पडते? लाटणारणीच्या. किलोमागे मजुरी घेणाऱ्या आपल्या भगिनी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत मुलांच्या वह्या-पुस्तकांची, गणवेशाची बेगमी करतात. मे ओला गेला तर त्यांचा जून कोरडा जातो. आभाळ सर्वांवर सारखेच पडते असे म्हणतात, पण ते खरे नाही. ज्याचे छप्पर पातळ त्याच्यावर ते आधी पडते.

याबाबतीत आपल्याच सांगलीच्या बाजारात शिकण्यासारखे उदाहरण आहे. हरिपूरची हळदीची पेवे तुमच्यापैकी वयस्कर बायांनी पाहिली असतील. जमिनीत खोल खणलेली, आतून सारवलेली, पाला अंथरून हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. हवा नाही म्हणून कीड नाही. वर्षे गेली तरी हळकुंड जसेच्या तसे. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, आधी कंदील सोडून पाहायचे. तो विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही असे समजायचे. इतके बारीक ज्ञान त्या धंद्यातल्या माणसांना होते. या पेवांच्या जोरावर सांगलीची हळद देशभर गेली.

आणि मग २००५ चा महापूर आला. कृष्णेचे पाणी हरिपुरात शिरले, पेवांत उतरले, आणि आतली हळद सडली. पिढ्यान् पिढ्या जी जागा सर्वांत सुरक्षित म्हणून ओळखली जात होती, तीच सर्वांत धोक्याची ठरली. पेव वाईट होते म्हणून हे झाले नाही. ते ज्या हवामानासाठी खणले होते ते हवामान पालटले. व्यापाऱ्यांनी हे ओळखले आणि माल जमिनीवरच्या गोदामांत, शीतगृहांत हलविला. हळदीचा बाजार टिकला, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. धंद्याने हवामानाशी कसे जुळवून घ्यावे याचा हा चांगला धडा आहे.

पण त्याची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. पेव खणणारे, भरणारे, कंदील सोडून आत उतरणारे जे हात होते, त्यांच्या कसबाचे पुढे काय झाले? शीतगृहाला त्या कसबाची गरज नव्हती. माल वाचला, पेढी वाचली, आणि ते कसब मात्र पुराबरोबर गेले. मी कोणाला दोष देत नाही. व्यापाऱ्याने त्याच्या जागी जे योग्य ते केले. आपण मात्र व्यापारी पेढी नसून मंडळ आहोत. तेव्हा जुळवून घेताना आपल्याला दोन्ही वाचविले पाहिजेत, मालही आणि हातही.

असे करता येते काय? येते. आपल्याच जिल्ह्यात खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण उभे केले. दुष्काळाने माणसे गाव सोडून मजुरीला जात होती. मुक्ती संघर्ष चळवळीच्या लोकांनी नदीतली वाळू गावाने स्वतः विकून पैसा उभा केला, लोकांनी श्रम दिले, आणि बंधारा बांधला. मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने द्यायचा नाही, भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला द्यायचा, हे तत्त्व त्यांनी आधीच ठरविले होते. पाणी आल्यावर वाटणीचा विचार करू असे म्हटले असते, तर तो विचार कधीच झाला नसता.

आता आपण काय करावे ते सांगते. माझ्या समजुतीप्रमाणे पाच गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, कामाचे पंचांग बदलणे. हे बिनखर्चाचे आहे. द्राक्षवाले शेतकरी पाहा. तासगाव भागात बेदाणा शेडवर वाळत असताना पाऊस आला की दाणा काळा पडतो आणि भाव उतरतो. म्हणून कोणी छाटणीच्या तारखा मागेपुढे करतात, कोणी शेडला कडेने पडदे लावतात. आपणही तसेच करावे. ज्या जिनसांना कडक ऊन लागते त्या, म्हणजे कुरडया, सांडगे, सालपापड्या आणि चटणीची मिरची, फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकाव्यात. उडदाच्या पापडाला कडक ऊन चालतच नाही, तो चिरतो. त्याला सावलीतले वारे पुरते. म्हणून पापड एप्रिल-मे साठी राखावेत आणि छपराखाली करावेत. त्यासाठी गहू आणि डाळ यांची खरेदी महिनाभर आधी व्हावी लागेल, एवढीच तयारी. शिवाय मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी या भाजून करायच्या जिनसा वाढवाव्यात. त्यांना आभाळाची परवानगी लागत नाही. पावसाळ्यातही चार पैसे हातात येतील.

दुसरी गोष्ट, वाळवणयंत्र. सूर्याच्या उष्णतेवर चालणारे पेटीसारखे यंत्र असते. वर पारदर्शक झाकण, आत काळा पत्रा, खालून जाळीतून हवा आत येते, तापते, आणि ओल घेऊन वरच्या झरोक्यातून बाहेर पडते. आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक ऊब राहते. धूळ नाही, माशी नाही, कावळा नाही, आणि पावसाची सर आली तर धावाधाव नाही. काहींना ढगाळ दिवसासाठी विजेच्या शेगडीचीही जोड असते. एकटीच्या घराला हे परवडणार नाही आणि एकटीच्या घरी ते वर्षाचे नऊ महिने रिकामेही राहील. मंडळाचे एक असले तर पाळीपाळीने सर्वांना पुरेल, आणि उन्हाळा सरल्यावर आले, कढीपत्ता, मेथी वाळवायला उपयोगी पडेल. मात्र पूर्ण दिवस अंधारून आला तर नुसत्या सूर्ययंत्राने चमत्कार होत नाही हेही ध्यानात ठेवावे. घेण्यापूर्वी, जिथे ते चालू आहे तिथे जाऊन आपल्या कुरडईचा एक घाणा वाळवून पाहावा. दुकानदाराच्या छापील कागदावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट, मालाची आणि कागदांची जागा. आपले कोठार तळमजल्यावर आहे. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे आपल्या पोरांनाही पाठ आहे. २००५ च्या पुरात पाणी कुठवर आले त्याच्या खुणा लोकांनी भिंतींवर करून ठेवल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कित्येकांनी त्या खुणेच्या वर सामान ठेवले आणि निश्चिंत झाले. पण पाणी ५७ फुटांच्या वर गेले, ती खूण बुडाली आणि सामानही बुडाले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. यातून घ्यायचे ते इतकेच की जुनी खूण ही आठवण आहे, हमी नव्हे. जून लागण्यापूर्वी शिल्लक माल, शेवयांचे यंत्र, वजनकाटा आणि वह्या वरच्या मजल्यावर जाव्यात. ते काम कोणी कोणी करायचे त्याची यादी आजच भिंतीवर लागावी. पाणी चढू लागल्यावर माणसे हलवायची असतात, पिंपे हलवायला वेळ नसतो. ब्रह्मनाळला २०१९ साली नाव उलटून जे घडले, ते आपल्या जिल्ह्यातले कोणी विसरणार नाही. शेवटच्या घटकेची घाई किती महाग पडते ते आपण पाहिले आहे.

चौथी गोष्ट, ऊन. पाऊस नसेल तेव्हा ऊन असते, आणि तेही आता पूर्वीचे राहिलेले नाही. आपल्या शेडवर पत्रा आहे. दुपारी एक वाजता त्याखाली शेगडीपुढे चीक हाटणारी बाई कशी होते ते आपण सर्वजणी जाणतो. गुजरातेत अहमदाबाद शहराने २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर, २०१३ साली, उष्णतेपासून बचावाची योजना आखली. उद्या ऊन किती राहील हे आधी कळवायचे, पाणी आणि सावलीची सोय करायची, दवाखाने तयार ठेवायचे. झोपड्यांच्या पत्र्यांना तिथे पांढरा रंगही देतात, त्याने आतली तलखी कमी होते. आपणही फेब्रुवारीअखेर पत्र्याला पांढरा रंग द्यावा. हाटण्या-घालण्याचे काम पहाटे सुरू करून अकराच्या आत थांबवावे, आणि लाटणे-पाकिटे भरणे सावलीत दुपारनंतर ठेवावे. माठ भरलेला असावा आणि लिंबू-मीठ-साखर जवळ असावी. कोणाला गरगरले, बोलणे असंबद्ध झाले, अंग तापून घाम थांबला, तर "थोडे पडू दे, बरे वाटेल" म्हणून थांबू नये. अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत वादाची आहे. ती म्हणजे बुडालेल्या दिवसाची तरतूद. वर्षअखेर जी शिल्लक राहते ती दिवाळीला भेट म्हणून वाटावी अशी आपली रीत आहे. ती रीत चांगली आहे, आणि "हातात पडले ते खरे" असे म्हणणाऱ्या भगिनींचे म्हणणे मी खोटे ठरवीत नाही. दिवाळीत घरी नवा कपडा आला की मुलाच्या तोंडावर जे दिसते त्याची किंमत वहीत मांडता येत नाही. तरीही माझी विनंती आहे की शिल्लकीतला अर्धा भाग दिवाळीसाठी ठेवावा आणि अर्धा दोन कामांसाठी बाजूला काढावा. एक, वाळवणयंत्रासाठी. दुसरे, पावसाने किंवा उन्हाच्या कहराने काम बंद पडले तर लाटणारणीला त्या दिवसाची निदान अर्धी मजुरी देण्यासाठी.

ही कल्पना माझ्या डोक्यातून निघालेली नाही. गुजरातेत कष्टकरी स्त्रियांची "सेवा" म्हणून मोठी संघटना आहे, इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली स्थापलेली. तिने आपल्या सभासद बायकांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. त्याची खुबी अशी की पारा ठरलेल्या अंशांपुढे गेला की पैसे थेट खात्यात. पंचनामा नाही, अर्ज नाही, साहेबाची वाट पाहणे नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो जणींना त्या व्यवस्थेतून चारशे-चारशे रुपये मिळाले. चारशे रुपये म्हणजे काही इस्टेट नव्हे. पण उन्हात जाऊन आजारी पडायचे की घरी राहून उपाशी राहायचे, या दोन वाटांमध्ये एक तिसरी वाट त्याने निघाली.

आपणही तसाच साधा नियम करावा. कामाच्या दिवशी सकाळी सातपर्यंत पाऊस लागला, किंवा हवामान खात्याचा तांबडा इशारा असला, तर तो दिवस बुडालेला धरावा. त्या दिवशीच्या पाळीवर ज्या जणी होत्या, त्यांच्या नावे अर्धी मजुरी लिहावी. कोणाची गरज मोठी, कोणाची लहान, याची चौकशी करू नये. चौकशी आली की ओळख येते, ओळख आली की रुसवा येतो. नियम आभाळाकडे पाहून चालावा, तोंडाकडे पाहून नव्हे.

कोणी म्हणेल, हे सगळे सरकारने करावे. सरकारने त्याच्या वाट्याचे करावे, आणि ते मागण्याचा आपला हक्क आहे. पुराच्या पाण्याचे नियोजन, गटारे, इशारे, नुकसानभरपाई ही कामे आपल्या हातची नाहीत. मोठमोठ्या कारखान्यांचा धूर कमी करणेही आपल्या लाटण्याने होणार नाही. पण पुराच्या मदतीच्या याद्या होतात तेव्हा घराची पडझड लिहिली जाते, दुकानातला माल लिहिला जातो. लाटणारणीची बुडालेली मजुरी लिहिण्यासाठी त्या कागदावर रकानाच नसतो. तो रकाना आपल्या वहीत आपण पाडू शकतो, आणि मग तीच वही घेऊन कचेरीत जाऊ शकतो. ज्याची नोंद नाही त्याचे दुःखही धरले जात नाही, हा माझा वही लिहिण्यातला अनुभव आहे.

म्हणून चालू वर्षापासून मी वहीत एक नवा रकाना घालण्याची परवानगी अध्यक्षबाईंकडे मागते. त्यात रोजचे हवामान लिहायचे, काम झाले की बुडाले ते लिहायचे, आणि बुडाले तर किती जणींचे हेही लिहायचे. तीन-चार वर्षांत आपल्यालाच कळेल की फेब्रुवारीत किती ऊन मिळते, मे कितपत भरवशाचा राहिला. आपल्या आज्यांनी त्यांचे पंचांग असेच बघून बघून बसविले होते. त्यांच्याकडे वही नव्हती, आपल्याकडे आहे. त्यांनी घालून दिलेली तारीख मोडली म्हणजे त्यांचा अनादर झाला असे मानू नये. आभाळाकडे बघून काम करावे ही त्यांची खरी शिकवण, तारीख हे तिचे त्या काळचे उत्तर.

शिल्लकीचा प्रश्न पुढील मासिक सभेत मतास येईल. त्याआधी प्रत्येकीने घरी विचार करावा, विरोध असेल तर सभेत मोकळेपणाने बोलावे, आणि लाटणाऱ्या भगिनींनी विशेषेकरून बोलावे. आजवर त्या मागच्या रांगेत बसत आल्या आहेत. हा ठराव त्यांच्या दिवसाविषयी आहे, तेव्हा त्या सभेत त्यांनी पुढच्या रांगेत बसावे अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

मंडळाची अशीच भरभराट होवो.